वल्हांडण, मांडवांचा सण आणि आपण: ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्रातले सण पाळावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या भगिनींचे कुटुंब चार पिढ्यांपासून मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे धाकटे दीर आणि जाऊबाई शनिवारी शब्बाथ पाळू लागले. आता ते वल्हांडण (इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेच्या आठवणीचा सण) आणि मांडवांचा सण घरी करतात, आणि नाताळ व ईस्टर हे मूर्तिपूजकांचे सण असल्याने सोडून द्यावेत, असे सासूबाईंना सांगतात. येशू स्वतः यहूदी होता, त्याने हे सण पाळले, मग त्याच्या शिष्यांनी का पाळू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे आणि घरात कसे वागावे, हे त्या भगिनींना जाणून घ्यायचे आहे.

मराठी पाळकांना जुना करार आणि हिब्रू शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी मला आनंदही होतो व काळजीही वाटते. आनंद एवढ्याचसाठी की आपल्या मंडळ्यांत लेवीय हे पुस्तक उघडण्याचे प्रसंग फार थोडे येतात आणि हा प्रश्न ते उघडायला लावतो. दिरांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांनी काढलेल्या निष्कर्षांपैकी काही मात्र इतिहासाला धरून नाहीत आणि काही पौलाच्या शिकवणीला धरून नाहीत.

आधी मूळ पाहू. लेवीय २३ मध्ये सगळे सण एकत्र सांगितले आहेत. सुरुवात आठवड्याच्या शब्बाथाने होते. मग पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी वल्हांडण, पंधराव्यापासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, पहिल्या पिकाची पेंढी ओवाळण्याचा दिवस, तिथून पन्नास दिवस मोजून सप्ताहांचा सण, आणि सातव्या महिन्यात कर्णे वाजवण्याचा दिवस, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त आणि पंधराव्यापासून मांडवांचा सण. या सणांसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे तो ‘मोएद’, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, ठरलेली भेट. आपण ज्याला दर्शनमंडप म्हणतो, म्हणजे अरण्यात देवाच्या भेटीसाठी उभारलेला तंबू, त्याच्या हिब्रू नावातही हाच शब्द आहे. जागेत जसा दर्शनमंडप, तसा काळात सण. लोकांनी देवाला भेटावे म्हणून त्याने वर्षात उभारलेले हे मंडप आहेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

मराठी माणसाला हे पंचांग समजायला अवघड जाऊ नये. हिब्रू महिना चंद्राचा आहे, वर्ष मात्र ऋतूंशी जुळवलेले आहे, आणि त्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा अदार हा महिना दोनदा धरतात. हा आपला अधिक महिनाच. वल्हांडण आणि मांडवांचा सण दोन्ही पौर्णिमेला धरून येतात. २०२५ साली १२ एप्रिलला आपल्याकडे चैत्र पौर्णिमा होती आणि त्याच संध्याकाळी यहूदी घरांत वल्हांडणाचे भोजन झाले. त्या वर्षी मांडवांचा सण ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, कोजागिरीच्या चंद्राखाली सुरू झाला. फरक एवढाच की आपला दिवस सूर्योदयाला धरून मोजतात आणि त्यांचा सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की संपतो.

आता येशूच्या काळाकडे या. योहानाच्या शुभवर्तमानाची मांडणीच सणांवर बेतलेली आहे, हे एकदा लक्षात आले की ते पुस्तक वाचण्याची रीतच बदलते. सातव्या अध्यायात तो मांडवांच्या सणाला यरुशलेमेत जातो. त्या काळचा सण कसा होत असे, याचे वर्णन इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी ग्रंथात आहे. सणाचे सात दिवस रोज सकाळी शिलोह तळ्यावरून सोन्याच्या पात्रात पाणी भरून आणत आणि वेदीवर ओतत, कारण सणानंतर पावसाळा सुरू व्हायचा असे आणि सगळा देश आभाळाकडे डोळे लावून बसलेला असे. मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात उंच दिवे लावत आणि त्यांच्या वाती याजकांच्या जीर्ण झालेल्या वस्त्रांच्या वळलेल्या असत. त्या उजेडाने यरुशलेमेतले अंगण न् अंगण उजळून निघे, असे मिश्ना सांगते. अशा सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने सांगतो की तान्हेल्याने माझ्याकडे येऊन प्यावे. पुढच्याच अध्यायात तो स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. पाणी आणि दिवे डोळ्यांपुढे नसले तर ही दोन वाक्ये सुंदर सुभाषिते वाटतात; ती असली तर त्यांचे वजन अंगावर येते.

आपल्या तोंडात रोज असलेल्या शब्दांकडेही पाहा. आमेन, हालेलूया, मशीहा, शब्बाथ हे शब्द हिब्रूतून आले आहेत. झावळ्यांच्या रविवारी आपली मुले ‘होसान्ना’ म्हणत देवळाला फेरी घालतात; तो शब्द स्तोत्र ११८ मधल्या ‘होशिआ ना’ या विनवणीचा आहे, ‘आता तारण कर’. स्तोत्र ११३ ते ११८ हा गुच्छ यहूदी लोक वल्हांडणाला गातात आणि मांडवांच्या सणाला हातात फांद्या धरूनही गातात. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य ‘गीत गाऊन’ जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असे मत्तय लिहितो. ते गीत याच गुच्छातले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ‘बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड’ हे शब्द ओठांवर घेऊन तो गेथशेमानेत शिरला. गेल्या कित्येक वर्षांत ही गोष्ट वर्गात सांगताना माझा आवाज स्थिर राहिलेला नाही.

एक अडचण आपल्या स्वयंपाकघराची आहे. ‘बेखमीर भाकर’ म्हटले की मराठी ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण आपली ज्वारीची भाकरी आणि पोळी रोजच बेखमीर असते. पाव भाजणाऱ्या लोकांसाठी मात्र खमीर म्हणजे आदल्या पिठाचा राखून ठेवलेला आंबट गोळा, जो पिढ्यान् पिढ्या पुढे चालतो. मी स्त्रियांच्या बैठकीत याला विरजणाची उपमा देतो. घरातले सगळे विरजण टाकून द्यायचे, भांडी घासूनपुसून घ्यायची, शेजारणीकडूनही मागायचे नाही आणि आठवडाभर जुन्याचा थेंबही न लावता राहायचे, असे सांगितले की बायकांच्या चेहऱ्यावर कळल्याची खूण उमटते. पौल करिंथकरांना जुने खमीर काढून टाका, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त अर्पिला गेला आहे, असे लिहितो तेव्हा तो या घासलेल्या स्वयंपाकघरातून बोलतो. त्याच पत्रात पुढे तो ख्रिस्ताला झोपलेल्यांतले ‘प्रथमफळ’ म्हणतो. तो शब्द पेंढी ओवाळण्याच्या दिवसाचा आहे. आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तो सप्ताहांच्या सणासाठी देशोदेशीहून जमलेल्या यहूद्यांमध्ये. हे तीन धागे काढून टाकले तर नव्या कराराचे वस्त्र उसवते, यात शंका नाही.

मात्र दिरांना एक गोष्ट शांतपणे सांगायला हवी. आज पुस्तिकेतून क्रमाने वाचत, चार पेले, कडू पाला आणि लपवलेल्या भाकरीच्या तुकड्यासह जे वल्हांडणाचे भोजन होते, ते जसेच्या तसे येशूने केले नव्हते. त्याच्या काळी यरुशलेमेत मंदिर उभे होते, कोकरे तिथे कापली जात आणि घरोघरी भाजून खाल्ली जात. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडले. त्यानंतर कोकऱ्याविना वल्हांडण कसा करायचा या दुःखातून यहूदी गुरूंनी आजचा विधी घडवत नेला. तो त्यांच्या वाताहतीतून जन्मलेला आहे. त्यातल्या भाकरीच्या तीन पत्र्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ठरवून ‘यहूद्यांना याचा अर्थ कळलेला नाही’ असे सांगणे हे इतिहासालाही धरून नाही आणि शेजारधर्मालाही.

यहूदी आणि ख्रिस्ती सणांची ताटातूट कशी झाली, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण या बाबतीत बरीच चुकीची माहिती फिरते. दुसऱ्या शतकात आशिया प्रांतातल्या मंडळ्या पुनरुत्थानाचा सण १४ निसानला, म्हणजे हिब्रू पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, वल्हांडणाला धरून करत, तर रोमची मंडळी त्यानंतरच्या रविवारी करत असे. इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तिथल्या बिशप अनिसेटसशी यावर बोलला. दोघांचे एकमत झाले नाही, तरी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतीने निरोप घेतला. मला त्या काळातला हा प्रसंग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. इ.स. ३२५ च्या निकियाच्या परिषदेने सर्वत्र एकच रविवार ठरवला आणि यहूदी गणनेवर अवलंबून राहणे सोडले. त्यामुळेच कधी कधी दोन सणांत महिनाभराचे अंतर पडते. २०२४ मध्ये हिब्रू वर्षात अधिक महिना होता म्हणून ईस्टर ३१ मार्चला आला आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी. पुढे चौथ्या शतकातल्या लावदिकियाच्या परिषदेने ख्रिस्ती लोकांना शनिवारी विसावा घेण्यास मनाई केली. इ.स. ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम या प्रसिद्ध उपदेशकाने सणांना सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर जी प्रवचने झोडली, त्यांतली यहूद्यांविषयीची भाषा आजही वाचवत नाही. तिथून सुरू झालेला द्वेष मध्ययुगात वल्हांडणाच्या काळात यहूद्यांवर बालहत्येचे खोटे आळ घेण्यापर्यंत गेला. इंग्लंडमधले नॉर्विच आणि इटलीतले ट्रेंट ही गावे त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. ज्या रात्री यहूदी कुटुंब मुक्तीचे भोजन करत बसते, त्याच रात्री दारावर ख्रिस्ती जमावाची थाप पडण्याची भीती त्यांनी शतकानुशतके सोसली. ज्या ख्रिस्ती माणसाला वल्हांडण पाळायचा आहे, त्याने हा इतिहास वाचल्यावाचून ताटाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण ‘शब्बाथ बदलून रविवार कॉन्स्टंटाईनने आणला’ हे विधान टिकत नाही. त्याने इ.स. ३२१ मध्ये रविवारची सुटी कायद्याने दिली हे खरे आहे, परंतु इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचे वर्णन करतो, आणि त्याआधी प्रेषितांची कृत्ये २० मध्ये शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमलेले दिसतात. ‘ईस्टर म्हणजे इश्तार देवी’ हेही तसेच. हा सण सुरुवातीपासून ग्रीक भाषेत ‘पास्खा’ म्हणून ओळखला गेला, म्हणजे हिब्रू ‘पेसाह’च, वल्हांडणाचे मूळ नाव. गोव्यातले आपले कोकणी बांधव आजही पास्कांचें फेस्त म्हणतात आणि न कळत हिब्रू शब्दच उच्चारतात. इंग्रजी नाव वेगळ्या वाटेने आले म्हणून सणाचे मूळ बदलत नाही. नाताळाची तारीख शास्त्रात नाही हे मान्यच आहे. २५ डिसेंबरची पहिली स्पष्ट नोंद इ.स. ३५४ च्या रोमी दिनदर्शिकेत मिळते. पण मंदिराच्या शुद्धीकरणाचा हनुक्काचा सणही मोशेच्या नियमशास्त्रात नाही. तो इ.स.पूर्व १६४ मधल्या घटनेवरून लोकांनी सुरू केला, आणि तरीही योहान १० मध्ये येशू त्या सणाच्या वेळी मंदिरात फिरताना दिसतो. देवाच्या उपकाराची आठवण म्हणून लोकांनी ठरवलेला सण तेवढ्यानेच अशुद्ध होत नाही.

पौलाचे काय? तो स्वतः यहूदी म्हणून जगला, पन्नासाव्या दिवसासाठी यरुशलेमेला पोहोचण्याची त्याची घाई कृत्ये २० मध्ये दिसते. पण परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचे जू ठेवू नये, हा यरुशलेमेतल्या सभेचा निर्णय त्याने शेवटपर्यंत राखला. गलतीकर दिवस आणि महिने पाळू लागले तेव्हा तो कळवळला, कारण ते तारणाची अट म्हणून पाळत होते. कलस्सैकरांना त्याने सांगितले की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. रोमकरांना लिहिले की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, आणि दोघेही प्रभूसाठीच तसे करतात. या तिन्ही जागा एकत्र वाचल्या की दिरांना पाळण्याची मोकळीक मिळते आणि सासूबाईंना न पाळण्याची. कोणालाही दुसऱ्याचा न्याय करण्याची मुभा मिळत नाही.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाचा जो दाखला आहे, तो मला या सगळ्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी वाटतो. परराष्ट्रीय म्हणजे रानजैतुनाची कलम केलेली फांदी. आणि पौल बजावतो की तू मुळाला उचलून धरत नाहीस, मूळ तुला उचलून धरते. ‘हिब्रू मुळे’ म्हणणाऱ्या पुष्कळ मंडळींना मुळाचे विधी हवे असतात, शिंग फुंकायचे असते, झालरीची शाल पांघरायची असते. ज्या लोकांचे ते मूळ आहे, त्या लोकांशी नाते मात्र नको असते.

आपल्याला तर त्या लोकांना शोधायला दूर जावे लागत नाही. कोकणात, अलिबागजवळच्या नवगावाच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून लागले, अशी बेने इस्राएल या मराठी यहूदी समाजाची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. हिब्रू पोथ्या हाती नसतानाही त्यांनी शब्बाथ, सुंता आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना जपली. सणांना त्यांनी आपली मराठी नावे दिली, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. एलियाहू हानाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावाने ते पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले ते प्रामुख्याने त्यांच्यासाठी. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या भोजनाची हिब्रू-मराठी पुस्तिका छापली गेली आणि तिच्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. हे चित्र मी दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवतो. आपला ‘वल्हांडण’ हा शब्द वलांडणे, ओलांडणे या कुळातला. मृत्यूने घर ओलांडून जावे, हा अर्थ त्या साडीतल्या बायकांनाही याच भाषेत कळला होता. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. तिथली छपाईही स्त्रियांनीच केली. हिब्रू मुळांकडे जाण्याची खरी मेहनत म्हणजे काय, हे त्या कामात दिसते.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका बेने इस्राएल आजींच्या घरी मी बसलो होतो. त्यांची दोन्ही मुले इस्राएलला गेलेली. चहा देताना त्या म्हणाल्या, “पेसाह कसा करतात हे विचारायला पुष्कळ ख्रिस्ती माणसं येतात हो. फोटो काढतात, लिहून घेतात. पण इथे प्रार्थनेला दहा माणसं जमत नाहीत, हे कोणी विचारत नाही.” यहूदी सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्यांच्या गावात सभास्थान आहे, दिवा लावणारेही आहेत, दहा मात्र नाहीत. मी त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही.

म्हणून व्यवहारात मी असे सुचवतो. वल्हांडणाचा पूर्ण यहूदी विधी घरी उतरवण्याऐवजी प्रभुभोजनाच्या गुरुवारी संध्याकाळी निर्गम १२ आणि स्तोत्र ११३ ते ११८ सावकाश वाचावीत, बेखमीर भाकर मोडावी आणि खमीर म्हणजे काय ते मुलांना सांगावे. कोणा यहूदी कुटुंबाने भोजनाला बोलावले तर पाहुणा म्हणून जावे, ऐकावे, आपला अर्थ तिथे सांगू नये. पन्नासाव्या दिवशी रूथचे पुस्तक वाचावे, कारण यहूदी लोक त्या सणाला तेच वाचतात, आणि परराष्ट्रीय सुनेला पदरात घेणारी ती कथा आपली सगळ्यांची आहे. कापणीचा सण आपल्या अनेक मंडळ्यांत आहेच. त्या दिवशी लेवीय २३ मधले एक वचन मोठ्याने वाचले जावे, शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सणांच्या यादीच्या अगदी मध्यावर हे वचन का आले आहे, यावर पाळकांनी एकदा उपदेश करावा. शनिवारी विसावा घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण घरातल्या मोलकरणीलाही त्या दिवशी पगारी सुटी द्यावी, कारण अनुवाद ५ मध्ये शब्बाथाचे कारण म्हणून दास आणि दासी यांचा विसावा स्पष्ट सांगितला आहे.

मांडवांचा सण मात्र दिरांनी आनंदाने करावा, त्यात मला काही हरकत दिसत नाही. अंगणात किंवा गच्चीवर नारळाच्या झावळ्यांचे छप्पर असे घालावे की दिवसा सावली उन्हापेक्षा जास्त पडेल आणि रात्री फटींतून चांदण्या दिसतील. यहूदी परंपरेतही छप्पर असेच सांगितले आहे. तिथे योहान ७ वाचावे आणि एक दिवा लावावा. त्या मांडवात सासूबाईंसाठी पाठीला टेकू मिळेल अशी खुर्ची ठेवावी, आणि २४ डिसेंबरच्या रात्री दिरांनीच त्यांचा हात धरून त्यांना देवळात न्यावे.